रिकाम्या डब्याचे साडेत्रेचाळीस हजार

आधी आकडा सांगतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं. यूपीआय आणि रोख मिळून ४३,५०० रुपये, वर फिटिंगचे १,२००, वर माझे जुने, धडधाकट शॉकअप. एवढं देऊन मोटरसायकलला मागे जे नवे शॉकअप लावून आणले, त्यांची किंमत विकणाऱ्याच्या स्वतःच्या बिलावर ६,५०० आहे. ते बिल कसं मिळालं ते पुढे येईल.

आणि मी पोटापाण्यासाठी काय करतो? चाकणच्या एका कारखान्यात बाहेरून आलेला माल तपासतो. आठ तास हातात व्हर्निअर, म्हणजे मिमीचाही बारीक भाग मोजायचं माप. हे वाक्य माझी बायको गेले पाच महिने घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी ऐकवते.

गाडी ६५० सीसीची क्रूझर. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतचं अंतर, १३५ मिमी म्हटल्यावर ओळखणारे ओळखतील. गाडी २४१ किलोची, मी ९४, मागे बायको, दोन्हीकडे बॅगा. आमच्या सोसायटीच्या गेटातला गतिरोधकसुद्धा पोट खरवडल्याशिवाय सोडत नाही. मागच्या चाकाला वरखाली व्हायला १०१ मिमीची जागा, त्यातली निम्मी आम्ही दोघं बसल्या बसल्याच संपत असावी. प्रत्येक खड्ड्याला मागून ‘आई गं’ ऐकू यायचं. तेव्हा वीसेक मिमी लांब, आपल्या वजनाच्या स्प्रिंगचे, रिबाउंड, म्हणजे दाबल्यावर परत वर येण्याचा वेग, कमीजास्त करता येणारे शॉकअप घ्यायचे, यात चुकीचं काही नव्हतं. हौस नव्हती ती, गरज होती. हे मी बायकोलाही सांगितलं, अजून सांगतो.

पुढची सुरुवात तुम्हाला पाठ आहे. मोबाइलवर रील, त्यात सोनेरी डबेवाले शॉकअप (जादा तेल आणि गॅस ठेवायचा डबा), ‘दिल्लीहून माल आलाय, शेवटचा सेट’, नावाजलेल्या परदेशी कंपनीचं स्टिकर. भाव ५२,०००, बिलाशिवाय ४६,५००. मे २०२५ मध्ये १५,००० अॅडव्हान्स यूपीआयने पाठवले. नाव दुकानाचं नाही, कुणा माणसाचं आलं. ‘करंट अकाउंटला लिमिट आहे सर.’ हे वाक्य कानावर पडलं की तिथेच फोन ठेवा.

दुकान मात्र खरं होतं. पुण्यातच, रस्त्यावर, बोर्ड लावलेलं, बाहेर तीन मोठ्या गाड्या उभ्या. म्हणूनच बिनधास्त होतो. ऑनलाइन चोर पळून जातो, हा कुठे जाणार? तो कुठेच गेला नाही. आजही तिथेच आहे.

आता १३ जूनची संध्याकाळ, फिटिंगची. शुक्रवार, पाऊस, सव्वाआठ वाजलेले, दुसऱ्या दिवशी पहाटे ताम्हिणीमार्गे गुहागरला निघायचं होतं. सासुरवाडी. बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या. हे सगळं का सांगतोय? कारण त्या अर्ध्या तासात मला तीन वेळा कळायला हवं होतं आणि तिन्ही वेळा मी घड्याळाकडे बघितलं.

एक. दुकानदाराने माझं वजन विचारलं नाही. माझं नाही, बायकोचं नाही, सामानाचं नाही. शॉकअपमध्ये खरी निवड स्प्रिंगची असते. साठ किलोच्या पोराला आणि आमच्यासारख्या दोन खात्यापित्या घरच्यांना एकच स्प्रिंग चालत नाही. जो वजन विचारत नाही तो शॉकअप विकत नाही, स्टिकर विकतो.

दोन. खालची नॉब. मी ती पूर्ण डावीकडे फिरवली, शॉकअप जमिनीवर टेकवून दाबला. पूर्ण उजवीकडे फिरवली, दाबला. टिक-टिक आवाज छान येत होता, फरक शून्य. रिबाउंड घट्ट केला की दाबलेला शॉकअप सावकाश वर यायला हवा, एवढं मला येत होतं. मी विचारलंही. ‘सर, नवा माल आहे, पाचशे किलोमीटर रनिंग झालं की खुलतो.’ मी मान डोलावली. कारखान्यात एखादा सप्लायर असं बोलला असता तर त्याचा ट्रक गेटातून परत पाठवला असता.

तीन. याची आठवण आली की अजून कान तापतात. मी म्हटलं, लांबी दाखवा. त्याने टेप काढली. जुना शॉकअप मोजला, वरच्या बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत. बरोबर, असाच मोजतात. मग नवा मोजला, वरच्या बाहेरच्या कडेपासून खालच्या बाहेरच्या कडेपर्यंत. वरचं अर्धं कडं आणि खालचं अर्धं कडं फुकटात लांबीत आलं. ‘बघा, बावीस मिमी जास्त.’ हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. दोन हातांच्या अंतरावर, ट्यूबलाइटखाली. मी टेप बघत होतो आणि बायकोचा ‘निघालास का’ हा मेसेजही बघत होतो. दोन्ही शॉकअप शेजारी शेजारी उभे केले असते तर पाच सेकंदांचं काम होतं. टेपची गरजच नव्हती.

मग गाडी उंच झाल्यासारखी का वाटली? त्याने स्प्रिंगचा ताण शेवटच्या खाचेपर्यंत नेऊन ठेवला होता. तसं केलं की गाडी वर उचलली जातेच, आणि फळीसारखी कडकही होते. शॉकअपची लांबी शून्य वाढली, आराम होता तोही गेला. जुने शॉकअप त्याने ३,००० ला ‘बायबॅक’ धरले आणि उरलेले २८,५०० रोख घेतले. जुने शॉकअप देऊ नका. माळ्यावर टाका, पलंगाखाली टाका, देऊ नका. ते माझ्याकडे असते तर निदान तुलना दाखवता आली असती, आणि गाडी परत रस्त्यावर आणायला नवे घ्यावे लागले नसते.

सकाळी सोसायटीच्या गेटात पोट घासलं. तसंच, त्याच जागी. मी बायकोला म्हणालो, तिरकी घेतली म्हणून.

ताम्हिणी उतरेपर्यंत ती काही बोलली नाही, यावरूनच ओळखायला हवं होतं. माणगावला चहाला थांबलो तेव्हा डाव्या शॉकअपखाली ओलं दिसलं. पाऊस असेल म्हटलं. महाडजवळ गाडी होडीसारखी डुलायला लागली. एका खड्ड्यानंतर चार-चार झोके. थांबून बघतो तर स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर तेल, आणि मागच्या ब्रेकच्या डिस्कपासून ते जेमतेम चार बोटं लांब. त्या ओल्या हायवेवर मागचा ब्रेक तेलात भिजला असता तर? याचा हिशेब मी अजून केलेला नाही.

तिथल्या मेकॅनिकने तो सोनेरी डबा पान्याने फिरवला. सहज निघून आला. आत तेल नाही, गॅस नाही, डब्यातून शॉकअपमध्ये जायला भोकसुद्धा नाही. ‘दादा, ह्यात काय नाय ओ, नुसता डबा हाय. वेलदोडे ठेवा.’ पुसापुशीचे त्याने पैसे घेतले नाहीत. बायको एसटीने चिपळूणला गेली, तिथून मेव्हण्याने नेली. मी चाळीसच्या वेगाने पुण्याला परत.

दुकानदार म्हणाला, खड्ड्यात मारलीत, लीकेज वॉरंटीत येत नाही. मी आवाज चढवला, बिल मागितलं. चार गिऱ्हाईकं बघत होती म्हणून त्याने लगेच काढून दिलं. ‘शॉकअप, २ नग, ६,५००.’ खाली जीएसटी नंबर, ०७ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, ०७ दिल्लीचा. त्या कागदावर खरी गोष्ट एकच होती, किंमत.

त्या ब्रँडच्या अधिकृत वितरकाला फोटो पाठवले. उत्तर एका ओळीचं: सिरियल नंबर नाही म्हणजे माल आमचा नाही. हा प्रश्न मी पैसे देण्याआधी विचारला असता तरी उत्तर एका ओळीतच आलं असतं. आणि फुकट.

चौकीत गेलो. बाकावर पाऊण तास. मी म्हणालो, हा सरळसरळ ४२० चा गुन्हा आहे. हवालदार म्हणाले, ‘४२० गेलं साहेब. १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेचं ३१८.’ मला वाटलं, चला, अभ्यासू माणूस आहे. मग म्हणाले, ‘आणि ते इथं लागत नाही. माल मिळालाय ना? मग दिवाणी मॅटर.’ मी डबा टेबलावर ठेवला. त्यांनी हलवून पाहिला, बाजूच्याला दाखवला, दोघं हसले. ‘बिल साडेसहा हजाराचं, मागताय साडेत्रेचाळीस. बाकीचे कुणाला दिले, पुरावा?’ २८,५०० रोख. पुरावा माझा चेहरा. अर्ज तरी घ्या म्हटलं, तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा गेलो, साहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा अर्ज घेतला पण पोचेचा शिक्का नाही, शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली सुट्टीवर. मी रजा टाकून जात होतो, तीन रजा गेल्या. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. हेल्पलाइनवर एक मुलगी फार गोड बोलली, तक्रार क्रमांक दिला, आणि एकवीस दिवसांनी मेसेज आला की तक्रार निकाली निघाली. कुणाच्या बाजूने, ते लिहिलेलं नाही. चोराला पकडायचं सोडा, माझं म्हणणं उतरवून घ्यायला यांच्याकडे कागद नाही!

ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, वकील लागतोच असं नाही. पण रोख दिलेल्या २८,५०० चं काय दाखवू? बिलाशिवाय साडेपाच हजार वाचवले होते ना मी. कुणी म्हणेल हाव नडली. तुम्हीही वाचवले असते.

गाडीला कंपनीचेच शॉकअप परत बसवले, ९,८४०, मजुरी ६००. सगळं धरून ५५,१४०, आणि गतिरोधकावर पोट घासतंच.

गेल्या रविवारी सेकंडहँड सामानाच्या जाहिराती चाळत होतो. ‘ओरिजिनल कंपनी शॉकअप, जोडी, कमी चाललेले.’ उजव्याच्या खालच्या कड्याजवळ चंद्रकोरीसारखा ओरखडा. वरंध घाटात गाडी कलंडली होती तेव्हाचा. फोन नंबर त्या दुकानदाराचाच. मेव्हण्याच्या फोनवरून लावला आणि भाव विचारला.

‘साडेसात हजार सर. शेवटचा सेट आहे.’