मांटा पाहायला लक्षद्वीप की मालदीव?

गोव्यात ग्रांदे बेटापाशी ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स, झाला, मांडवी-जुवारीच्या गाळामुळे धूसर झालेल्या पाण्यात मासेही बघून झाले, की पुढचा प्रश्न ठरलेला: मोठी जनावरं बघायला जायचं कुठे? लक्षद्वीप आणि मालदीव, दोन्हीकडे प्रवाळाची कंकणद्वीपंच, म्हणजे अ‍ॅटॉल. डुबकी मात्र सारखी नाही.

आधी महिना बघा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे डायव्हिंग बंद आणि लक्षद्वीपचा समुद्रही खवळलेला. मालदीवच्या बा अ‍ॅटॉलमध्ये मांटा सगळ्यात जास्त जमतात ते नेमके याच सुमारास. नैऋत्य मोसमात प्रवाह पूर्वेकडे वाहतो, प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, अ‍ॅटॉलच्या पूर्व कडेला साठतात आणि मांटा, म्हणजे आपल्या वागळीचा थोरला भाऊबंद, त्यांच्या मागे येतो. तिथल्या हनिफारू उपसागरात मात्र फक्त स्नॉर्केल, म्हणजे नळीने श्वास घेत वरवर पोहणं, चालतं, स्कुबाला बंदी आहे. टाकी लावूनच उतरायचं असेल तर तिथे पैसे घालू नका. व्हेल शार्क हवा असेल तर मालदीवचंच दक्षिण आरी अ‍ॅटॉल. तिथे तो बाराही महिने असतो.

ऑक्टोबर ते मेच्या सुरुवातीपर्यंत लक्षद्वीप. कासवं भरपूर, रीफ शार्कही दिसतात. मांटा दिसला तर नशीब. प्रवेश परवाना हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. मालदीवला भारतीयांना विमानतळावरच ९० दिवसांचा व्हिसा फुकट मिळतो.

खरा फरक प्रवाहाचा. मालदीवमध्ये शार्क दिसतात ते कंडूच्या, म्हणजे अ‍ॅटॉलच्या दोन कडांमधल्या खिंडीच्या तोंडाशी. पाणी जोरात आत येत असतं, म्हणून बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायचं जॅकेट, रिकामं ठेवून उडी मारायची आणि थेट खाली जायचं. वर रेंगाळलात तर खिंड हुकलीच. हिशेब करून बघा: वर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल तर २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणून ६० लागते. ११ लिटरची टाकी २०० बार दाबाने भरलेली, ५० बार राखून वापरायला उरते १,६५० लिटर, म्हणजे साधारण २७ मिनिटं. प्रवाहाशी झगडून श्वास दुप्पट झाला की तेरा-चौदा. शिवाय मालदीवच्या कायद्याने ३० मीटरच्या खाली जाता येत नाही.

म्हणून २०-२५ डुबक्या झाल्या नसतील तर आमचं मत लक्षद्वीपच, आणि तेही लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या शांत पाण्यात, तरंगणं पक्कं करून. हा सराव मांटासाठीही लागतोच. सफाईच्या खडकावर तो जवळजवळ थांबून असतो, छोटे रॅस मासे त्याची सफाई करायला कल्ल्यांत शिरतात. तुम्ही बाजूला, तळाशी पण प्रवाळाला न टेकता, निदान तीन मीटर लांब राहायचं. हातून होणारी चूक एकच: चांगल्या फोटोसाठी खडकावर जाणं. तुम्ही तिथे गेलात की येणाऱ्या मांटाची वाट अडते आणि तो वळून निघून जातो, मग मागच्यांनाही काही दिसत नाही.

दोन्हीकडून परतताना शेवटच्या डुबकीनंतर निदान १८ तास विमान नको. तिकीट काढतानाच परतीच्या आधीचा दिवस डुबकीविना ठेवा.