मर्फीच्या कॅबिनेटचं पॉलिश : ठाण्यातल्या काकांचं काम

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचं कॅबिनेट पॉलिशला द्यायचं असेल, तर कारागिराला आधी एवढंच विचारा, "सुरुवात कशाने करणार?" "घासून काढू" असं उत्तर आलं, तर रेडिओ उचला आणि घरी या.

आमचा लाकडी मर्फी रेडिओ वडिलांनी घेतलेला. मर्फीचा कारखाना इथे ठाण्यातच होता, म्हणून घरात त्याचं जास्तच कौतुक. एका मोठ्या दुकानात तो दाखवला, तर मशीनने घासून वर पीयू (पॉलियुरेथेनचं चकचकीत पॉलिश) मारतो, नव्यासारखा चकाचक करतो, म्हणाले. या कॅबिनेटवर चांगल्या लाकडाचा व्हिनिअर, म्हणजे पातळ पापुद्रा असतो तो जेमतेम पाऊण मिलिमीटर, आत साधं प्लाय. कडेवर मशीन जरा रेंगाळलं की प्लाय उघडं पडलंच. शिवाय कडांची ती गडद तपकिरी छटा मुळात लाकडाची नसते. ती कारखान्यात फवारलेल्या रंगीत लॅकरची, म्हणजे वाळून चकाकणाऱ्या लेपाची असते. लॅकर खरवडलं की छटाही जाते.

मग एका सुताराने या काकांचं नाव सुचवलं. जुन्या गावठाणातल्या एका चाळीत, तळमजल्यावरच्या खोलीत त्यांचं काम चालतं. पाटी नाही. त्यांनी कॅबिनेट उलटं केलं, तळाच्या कोपऱ्यात कापसाने स्पिरिट लावलं आणि थांबले. काही झालं नाही. मग शेजारी एनसी थिनरचा (लॅकर विरघळवणाऱ्या द्रवाचा) बोळा टेकवला, तशी तिथली चकाकी चिकट झाली. "लाख नाही, लॅकर आहे. काढायचं नाही, जागं करायचं," म्हणाले. मी तिथेच काम त्यांना देऊन टाकलं. लाख असती तर ती स्पिरिटनेच विरघळली असती. ही साधी तपासणी मला इतर कोणी करून दाखवली नव्हती.

निम्मं काम तर नुसती सफाई होती. टर्पेंटाइनच्या फडक्याने त्यांनी किती वर्षांची उदबत्तीची काजळी, फोडणीचा तेलकटपणा आणि कोणीतरी चोपडलेलं फर्निचरचं मेण काढलं. खालचा लालसर रंग मी लहानपणानंतर पहिल्यांदाच बघत होतो. चिरा पडलेल्या लॅकरवर थिनरचा अगदी हलका फवारा मारला, म्हणजे जुनाच थर विरघळून पुन्हा एकजीव होतो. वरच्या फळीवरचे फुलदाणीचे पांढरे डागही त्यातच गेले. एका कोपऱ्यात व्हिनिअर सुटून फुगला होता. तिथे सुईने फेविकॉल सोडला, वर कागद आणि फळी ठेवून शिकंजा आवळला. कडेचा टवका उडाला होता तिथे रंगाची भुकटी लाखेत कालवून बारीक कुंचल्याने छटा जुळवली आणि शेवटी पारदर्शक लॅकरचे पातळ हात दिले.

पावसाळ्यात ते असं काम घेतच नाहीत. हवेतल्या ओलाव्याने लॅकरवर पांढरट साय धरते. मला दसऱ्यापर्यंत थांबायला लावलं, आणि ते बरोबरच होतं.

उणिवाही सांगायला हव्यात. दिलेली तारीख पाळत नाहीत. माझं काम दिवाळीनंतर हातात आलं. पुढच्या जाळीच्या कापडाला हात लावत नाहीत, ते तुम्हालाच बघावं लागतं. टवक्याच्या जागी रंग जुळला असला तरी लाकडाच्या रेषा जुळत नाहीत. खिडकीच्या उजेडात तिरकं पाहिलं तर जोड कळतो. मला तो चालतो, तुम्हाला खटकू शकेल.

कॅबिनेट देण्याआधी आतला सांगाडा (व्हॉल्व्ह आणि तारा बसवलेला भाग) मात्र आपणच काढून न्यायचा. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये विजेचा भार राहू शकतो, म्हणून हे काम जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या. डायलची काच ओल्या फडक्याने कधीही पुसू नका. मागच्या बाजूने छापलेली स्टेशनांची नावं पुसली जातात आणि ती परत मिळत नाहीत.

मजुरी साडेचार हजार पडली. त्या दुकानाने जवळपास तेवढेच सांगितले होते. जुना रेडिओ दिवाणखान्यात आरशासारखा चमकावा अशी इच्छा असेल, तर काकांकडे जाऊ नका, ते ऐकणार नाहीत. वडिलांनी घरी आणला तेव्हा दिसत होता तसा हवा असेल, तर दसऱ्याच्या सुमारास नंबर लावा आणि तारखेवरून त्यांच्याशी वाद घालू नका.