आठ महिने एअरबसची दांडी धरून

सीताबर्डीवरच्या दुकानदारानं खोकं काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "काका, नातवासाठी काय?" मी हो म्हणून मोकळा झालो. अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतःसाठी, कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ खेळायला, साडेसतरा हजारांची जॉयस्टिक घेतोय, हे कोणत्या तोंडानं सांगू?

खोक्यात दोन वस्तू निघाल्या. एअरबस ए-३२० विमानात पायलटच्या बाजूला असते तशी दांडी (साइडस्टिक) आणि थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या लिव्हरांचा, डबा. कंपनीचं नाव लिहीत नाही, पुढे तक्रार आहे.

दांडी झकास. माझा भाचा खऱ्या ए-३२० वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. सुटीवर आला तेव्हा त्याच्या हातात दिली. दोनदा हलवून म्हणाला, "मामा, खरीतही स्प्रिंगच आहे." म्हणजे हवेचा जोर पायलटच्या हाताला लागतच नाही; दांडी कॉम्प्युटरला हुकूम देते, बाकीचं तो बघतो. म्हणून एअरबसची नक्कल घरी स्वस्तात साधते. माझी मांडणी बघून मात्र तो हसला. दांडी डावीकडे, थ्रॉटल उजवीकडे. "थेट कॅप्टनच्या खुर्चीत?" तो स्वतः अजून उजवीकडे बसतो.

थ्रॉटलच्या खाचा खटकन बसतात: क्लाइंब, फ्लेक्स, टोगा, म्हणजे चढत्या जोराच्या पायऱ्या. ऑटोथ्रस्ट चालू असताना (इंजिनाचा जोर कॉम्प्युटर सांभाळतो तेव्हा) खऱ्या विमानातही लिव्हर जागचे हलत नाहीत, त्यामुळे यात मोटर नाही याचं दुःख नाही. दुःख वेगळंच. सहाव्या महिन्यात लिव्हर आयडलला (सगळ्यात कमी जोरावर) असताना डावं इंजिन मध्येच फुरफुरू लागलं. कंपनीला दोन मेल केले; दोन्हीला उत्तर एकच, ड्रायव्हर अपडेट करा. शेवटी मोहल्ल्यातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानं आत कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला. दीडशे रुपयांत काम झालं. टेबल कूलरसमोर ठेवण्याची चूक माझी, हेही कबूल.

खरी उणीव पायाखाली आहे. पेडल नाहीत; विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा रडर दांडी पिळून चालवायचा. पेडलवाचून आठ महिने काही अडलं नाही. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून रनवे ३२ वरून निघायचो, मे महिना हवा म्हणून तापमान ४६ टाकायचो (तापलेली हवा विरळ, धावपट्टी जास्त खाल्ली जाते), आणि एकदा जुनं डाकोटा विमान घेऊन मध्यरात्री नागपूरला उतरलो. वडील आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत होते. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची टपाल विमानं रात्री इथंच येऊन थैल्या बदलत. ते उतरणं त्यांच्यासाठी.

मग भाच्यानं, मला न सांगता, जमीन सोडता सोडता डावं इंजिन बंद केलं. नाक डावीकडे ओढलं जातं, म्हणून उजवा रडर हवा होता. मी घाबरून दांडी पिळली ती डावीकडे, आणि विमानतळाशेजारच्या जयताळ्याच्या घरांवर आडवा झालो. मी पॉज दाबायला गेलो तर म्हणाला, "हे आम्हाला दर सहा महिन्यांनी करून दाखवावं लागते. पायानं."

त्या रात्री त्याला विचारलं, तू कधी मजा म्हणून खेळतोस का? "मामा, तुम्ही घरी येऊन पॉलिशीच्या फायली काढत होते काय?" पहाटेच्या विमानासाठी रात्री दोनला उठणं, ड्यूटीआधी फुंकर मारून दारूची तपासणी, एका दिवसात चार लँडिंग, आणि पुढच्या महिन्याचा रोस्टर येईपर्यंत लग्नाला हो म्हणायचं नाही. माझ्या टेबलावरचे तास लायसन्ससाठी शून्य, हेही त्यानंच सांगितलं. मग सोफ्यावर नऊ तास झोपला. उशीजवळ मी पाण्याचा तांब्या ठेवला, तोही तसाच राहिला.

तर साडेसतरा हजारांत दांडी घ्या, थ्रॉटल झाकून ठेवा. पेडल मी मागवले आहेत, साडेनऊ हजारांचे. टेबलाखाली बायकोच्या शिलाई मशीनचं पायडल आहे, ते आधी सरकवावं लागेल. तिला अजून बोललो नाही.