यादी लांब होती, तरी गाडी घेतली: जुन्या हॅचबॅकचे आठ महिने

2017 सालची पेट्रोल हॅचबॅक, हातानं गिअर टाकायची, एमएच-12 पासिंग, पहिल्याच मालकाकडची. घेताना रनिंग साठ हजारांच्या थोडं पुढं होतं. नोव्हेंबरात गाडी पुण्याहून कराडला आणली, आता जुलै चालू आहे. ॲव्हरेज, पिकअप, डिकीची जागा याबद्दल त्या मॉडेलच्या कुठल्याही मालकाला विचारलं तरी कळेल. मला सांगायचंय ते घेण्याआधीच्या तपासणीबद्दल आणि त्या तपासणीत निघालेल्या दुरुस्त्या पुढं कशा उलगडत गेल्या त्याबद्दल.

तपासायला आमचे नेहमीचे मेकॅनिक दादा कराडहून माझ्याबरोबर आले होते. दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचा खर्च मी दिला. गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकानं हा खर्च करावा असं माझं ठाम मत आहे. दादांनी एका वहीच्या पानावर लिहून दिलेली यादी अशी: पुढच्या दोन्ही लोअर आर्मचे (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे) बुश गेलेत, सस्पेंशनची डावी लिंक रॉड वाजते, टॅपेट कव्हरमधून ऑईल पाझरतंय, क्लच शेवटाला आलाय, मागचे टायर जुने, बॅटरी कमजोर, डाव्या पुढच्या दरवाजाला आणि फेंडरला (पुढच्या चाकावरच्या पत्र्याला) रंग मारलाय, एसी संथ. घरी फोनवर हे वाचून दाखवलं तर बाबा म्हणाले, "सोडून दे, एवढं काम असलेली गाडी कशाला?"

त्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही दुसरी एक गाडी सोडली होती, आणि तिची यादी यापेक्षा कितीतरी छोटी होती. मॉडेल एक वर्षानं नवं, किंमत जवळपास चाळीस हजारांनी कमी, इंजिन एकदम शांत. काम म्हणाल तर वायपरची पाती आणि बॅटरी. पण दादांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. जो भाग एरवी गुंडाळलेला राहतो तिथं पट्ट्यावर मातकट रेघ होती. मग टॉर्च घेऊन ते सीटच्या खाली वाकले. रुळांचे बोल्ट गंजलेले. स्टेपनीच्या खड्ड्यात, जिथं पुसायला कुणाचा हात सहसा जात नाही, तिथं बारीक गाळाचा वाळलेला थर. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी गाड्या बुडाल्या. पासिंग बघून पूर ओळखता येत नाही, हे मुद्दाम सांगतो. सांगलीतल्या उंच भागातली गाडी कोरडी राहिलेली असते आणि बुडालेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्याच जिल्ह्यात विकायला उभी असते. पाणी आत गेलेल्या गाडीत त्या दिवशी काही बिघडलेलं दिसत नाही. वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज हळूहळू चढतो. मग कधी पॉवर विंडो बंद, कधी एअरबॅगचा दिवा, कधी गाडी मधेच बंद, आणि दर वेळी बिघाड नव्या ठिकाणी. त्याचा खर्च आधी मांडताच येत नाही.

या गाडीची लांब यादी त्या उलट होती. तिच्यातल्या प्रत्येक ओळीपुढं आकडा लिहिता येत होता, आणि दादांनी तो तिथंच लिहिला. बुश म्हणजे रबर. आपल्याकडचे खड्डे आणि स्पीडब्रेकर खाऊन ते साठ हजारांत गेलं तर त्यात गाडीचा दोष नाही. क्लच हा झिजण्यासाठीच बसवलेला भाग. टायर आणि बॅटरी तर वयानंच जातात.

ऑईल गळतीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण "ऑईल लीक" एवढं ऐकूनच लोक पाठ फिरवतात. टॅपेट कव्हर इंजिनच्या अगदी वर असतं. त्याच्या रबरी पॅकिंगला वय झालं की ते कडक होतं आणि कडेनं ऑईल पाझरतं. काम तासाभराचं, पॅकिंग स्वस्त. हेड गॅस्केट त्याच्या खाली, हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये. ते गेलं की इंजिन खोलावं लागतं आणि खर्च कुठल्या कुठं जातो. वरून बघताना दोन्हीकडं काळा ओघळच दिसतो. म्हणून दादांनी तो पुसून घेतला, इंजिन चालू ठेवलं आणि ओल नेमकी कुठून सुरू होते ते पाहिलं. मग इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडून कूलंटवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यावर) तेलाचा तवंग नाही ना, ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय नाही ना, म्हणजे दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत ना, हे बघितलं. सकाळी आम्ही पोचण्याआधी गाडी चालू करू नका असं मालकांना आधीच सांगून ठेवलं होतं. गेल्या गेल्या दादांनी बॉनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री केली. गार इंजिन सुरू करताना निळसर धूर आला तर ऑईल जळतंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जातंय. सकाळची थोडी वाफ मात्र साधी असते, तिला घाबरू नये. इथं ती दोन मिनिटांत गेली.

गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावल्यावर बिघाडाचा एकही कोड दिसला नाही. तेवढ्यावर दादांचं समाधान झालं नाही. विकण्याआधी कोड पुसून टाकता येतात, पण पुसले की गाडीच्या संगणकानं स्वतःच्या घेतलेल्या चाचण्याही शून्यावर येतात आणि त्या पूर्ण व्हायला गाडी बरीच चालवावी लागते. इथं त्या सगळ्या पूर्ण दिसत होत्या. ही तपासणी गाड्या विकणारा कुणी आपणहून दाखवत नाही, मागून घ्यावी लागते.

रंगकामाची गोष्टही अशीच. कारखान्यातून आलेला रंग जाडी मोजायच्या मीटरवर साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. डावा दरवाजा 250 च्या वर दाखवत होता. पुट्टी भरलेली असती तर आकडा आणखी बराच वर गेला असता. फेंडरच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे होते, म्हणजे तो कधीतरी उतरवलेला. पण फेंडर हा बोल्टांनी लावलेला पत्रा आहे. जे वेल्डिंगनं जोडलेलं असतं, म्हणजे बॉनेटच्या आतले बाजूचे पत्रे (अ‍ॅप्रन) आणि दरवाजांचे पिलर, तिथं कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके जसेच्या तसे होते. तिथं हात लागला असता तर मीही बाबांचंच ऐकलं असतं. मालक काकांना विचारलं तर ते म्हणाले, "सोसायटीच्या खांबाला घासली होती हो. बिल ठेवलंय मी." आणि खरंच फाईलमधून बिल काढून दिलं. त्याच फाईलमध्ये दर वर्षीच्या सर्व्हिसची बिलं होती आणि त्यांवरचं रनिंग क्रमानं वाढत आलेलं होतं. मीटर मागं फिरवलेला नाही याचा याहून चांगला पुरावा नसतो.

मागणी 3,90,000 होती, 3,65,000 ला ठरलं. यादीतल्या कामांचा दादांचा अंदाज 35,000 च्या आसपास होता. काकांनी त्यातला मोठा वाटा उचलला आणि मला ते योग्य वाटलं. जुन्या गाडीची सगळीच झीज विकणाऱ्याच्या खिशातून भरून घ्यायची अपेक्षा मला पटत नाही.

आता वापर. पहिल्याच आठवड्यात लोअर आर्म आणि दोन्ही लिंक रॉड बदलून अलाइनमेंट केलं, आणि खड्ड्यातला खडखडाट संपला. सर्व्हिसबरोबर टॅपेट कव्हरचं पॅकिंगही झालं. तेव्हापासून तिथं ऑईलचा थेंब नाही.

मागच्या टायरांची नक्षी छान दिसत होती. पण कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे 1817, म्हणजे 2017 चा अठरावा आठवडा, आणि बाजूच्या रबरावर बारीक भेगा. नवे दोन टायर मागच्याच बाजूला लावले. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुष्कळजण नवे टायर पुढं लावायला सांगतात, पण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर गाडी आवरत नाही.

क्लचनं फेब्रुवारीत हात टेकले. खंबाटकी घाटात ट्रकच्या मागं रांगेत चढताना ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज वाढायचा, गाडी पुढं सरकायची नाही. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट टाकला. गिअरबॉक्स उतरलेलाच होता, म्हणून इंजिनचं मागचं ऑईल सीलही बदललं. ते पुढं गेलं असतं तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागली असती. मजुरीसकट साडेनऊ हजार झाले, वहीतल्या आकड्याच्या जवळपास तेवढेच. बॅटरीनं मे महिन्यात मान टाकली.

यादीबाहेर दोन गोष्टी निघाल्या. पहिली मागच्या चाकाचं बेअरिंग. ऐंशीच्या पुढं गेलं की घुमल्यासारखा आवाज. कोथरूडच्या गर्दीत टेस्ट ड्राइव्ह घेताना तो वेग येणं शक्यच नव्हतं, त्यामुळं जमलं तर दहा मिनिटं तरी गाडी महामार्गावर काढा. दुसरी एसी, आणि हा खर्च मोठा होता. नोव्हेंबरच्या सकाळी "संथ" वाटणारा एसी एप्रिलच्या दुपारी नुसता वारा देऊ लागला. गॅस भरला, तीन आठवड्यांत गेला. शेवटी कुलिंग कॉइल गळत असल्याचं सापडलं. तिच्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागला आणि नऊ हजार गेले. सावकाश होणारी गळती तासाभराच्या तपासणीत पकडणं अवघड आहे. हिवाळ्यात जुनी गाडी घेणाऱ्यांनी एसीपुरते काही हजार बाजूला ठेवावेत.

कागदांचं थोडक्यात. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्याच, पण आरसीवर बँकेचा बोजा उतरलेला आहे का आणि ई-चलन बाकी आहे का हे पैसे देण्याआधी बघा. विमा नावावर करून घेण्यासाठी कायद्यानं चौदा दिवस दिलेत. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळं हप्त्यातला फरक भरावा लागतो.

सध्या उजव्या पुढच्या शॉकअपवर ओल दिसायला लागली आहे. दादा म्हणतात महिनाभर चालेल. पण गणपतीला चिपळूणला जायचंय, भर पावसात कुंभार्ली घाट उतरायचाय, म्हणून दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायला सांगितलेत. ॲव्हरेज विचारणाऱ्यांसाठी: कराड-पुणे एसी लावून 18 पडतं, गावात 14.