कामिनितो देल रेयचं तिकीट काढताना फसू नका

स्पेनच्या मालागा प्रांतात आर्दालेस नावाचं छोटं गाव आहे. त्याच्याजवळच्या ग्वादालोर्से नदीच्या घळीत, पाण्यापासून सुमारे 100 मीटर उंचीवर कड्याला लटकलेली पायवाट म्हणजे कामिनितो देल रेय. 2015 साली डागडुजी होऊन ती पुन्हा खुली झाली. रोज ठरावीकच माणसं सोडतात, म्हणून तिकिटं आधीच संपतात आणि इथेच ठगांचं फावतं.

अधिकृत संकेतस्थळावर साधं तिकीट 10 युरोंना आणि गाइडसह 18 युरोंना मिळत आलं आहे. पण गुगलवर नाव टाकलं की सर्वांत वर जाहिरात दिसते. तोच लोगो, तसेच फोटो, पण किंमत दुप्पट-तिप्पट. या लोकांच्या हातात तिकीट नसतं. आधी तुमचे पैसे घेतात, मग अधिकृत साइटवर जागा मिळते का ते बघतात. मिळाली नाही तर आदल्या दिवशी 'वेळ बदलली' असा मेल येतो, किंवा काहीच येत नाही. तोवर मालागातलं हॉटेल आणि रेल्वेचं तिकीट ठरलेलं असतं.

पैसे भरण्याआधी पत्त्याची पट्टी नीट वाचा: अधिकृत पत्ता 'कामिनितोदेलरेय डॉट इन्फो' असा संपतो. आणखी दोन खुणा पक्क्या आहेत. पायवाट सोमवारी बंद असते आणि 8 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. कोणी सोमवारचं किंवा पाच वर्षांच्या मुलाचं तिकीट देत असेल, तर तिथेच थांबा. मालागाहून बस आणि गाइडसह नेणाऱ्या प्रामाणिक कंपन्याही आहेत. त्या जास्त पैसे घेतात, पण बस कुठून, किती वाजता सुटणार आणि प्रवेशाची वेळ कोणती, हे आधीच लेखी देतात.

'स्टेशनवर भेटा' एवढंच सांगणाऱ्यापासून सावध राहा. एल चोर्रो स्टेशन दक्षिण टोकाला आहे, तिथे वाट संपते. आत जायचं दार उत्तरेला, आर्दालेसच्या बाजूला. स्टेशनजवळून शटल बस घ्यावी लागते आणि उतरल्यावर एक बोगदा ओलांडून सुमारे दीड किलोमीटर चालावं लागतं. वेळ चुकली की प्रवेश हुकतो, म्हणून निदान सव्वा तास हाताशी ठेवा.

भारतीय कार्डाने पैसे देताना 'रुपयांत की युरोत' असं विचारलं तर युरोच निवडा. रुपये निवडले की रुपया-युरोचा दर तुमची बँक नाही, तर पैसे घेणारी बाजू ठरवते.

पैसे गेलेच तर मेल, पावती आणि त्या पानाचे स्क्रीनशॉट लगेच जपून ठेवा. 'सेवा मिळाली नाही' या कारणाने बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, मागा. उशीर करू नका, त्याला मुदत असते.

आणि तिकीट हुकलं तर जवळच बोबास्त्रो बघा. उमर इब्न हफसून या बंडखोराने तेव्हा इथे राज्य करणाऱ्या उमय्या घराण्याविरुद्ध बंड करून उभं केलेलं हे ठाणं 928 साली उमय्यांच्या हाती पडलं. खडकात कोरलेलं अर्धवट चर्च अजून तिथे आहे.