‘बफरच होतं ना, ताई!’ : ताडोब्यातली आमची रात्रसफारी

डिसेंबर २०२३, नाताळची सुट्टी. मी, नवरा, मुलगा, नणंद, तिची मुलगी आणि माझे सासरे असे सहाजण ताडोब्याला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळची कोअरची, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव गाभ्यातली सफारी मी स्वतः वनखात्याच्या संकेतस्थळावरून काढलेली, सगळ्यांची आधार कार्डं समोर पसरून, एकेक नंबर दोनदा तपासत. हे मुद्दाम सांगते. खरी पावती कशी दिसते हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरी मी नऊ हजारांना फसले.

संध्याकाळच्या सफारीच्या जिप्सी परतल्या की मोहर्लीत, म्हणजे आम्ही राहिलो त्या गेटजवळच्या गावात, करण्यासारखं फारसं काही उरत नाही. शेकोटी, चहा आणि कोणाला कुठली वाघीण दिसली याच्या गप्पा. ज्यांना दिसली ते बोलतात, बाकीचे ऐकतात. आम्ही ऐकणाऱ्यांत होतो. त्यात सासऱ्यांचं वय चौऱ्याहत्तर, पहाटेच्या थंडीत उघड्या जीपमध्ये बसायला ते तयारच नव्हते. म्हणाले, “मी आपला खोलीवरच बरा.” मला वाईट वाटत होतं. मुक्कामाच्या ठिकाणी काउंटरवरच्या मुलानं हे ऐकलं असणार. “ताई, आज रात्रीची एक गाडी सुटलीय. कोणीतरी रद्द केलं,” म्हणाला आणि एक नंबर दिला.

त्या वेळी ताडोब्याच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, वनखात्याची रात्रसफारी खरोखरच चालू होती. म्हणून तर थाप पचली. माणशी दीड हजार, पैसे आधी. क्यूआर स्कॅन केला तर नाव एका मोबाइलच्या दुकानाचं आलं. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण सोडून दिलं. दोन मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर वाघाचं चित्र असलेली ‘पावती’ आली. सहा व्यक्ती, बफर झोन, रात्री ८. कोणाचंही नाव नाही, ओळखपत्राचा नंबर नाही, गेटचं नाव नाही.

गाडी आली ती अंगावर वाघाचे पट्टे रंगवलेली उघडी जीप. एकच माणूस, तोच चालक, तोच गाइड. गेट लागलं नाही. कोणी थांबवलं नाही. कोणी ओळखपत्र मागितलं नाही. नवऱ्यानं विचारलंही, तर म्हणाला, “बफरला लागत नाही साहेब.” डांबरी रस्त्यानं थोडं गेलो, मग एका कच्च्या वाटेला वळलो, मग परत डांबरी. मी शहरात वाढलेली. काळोखात मला दोन्हीकडची झाडं सारखीच दिसत होती, आणि हा सगळा धंदा त्यावरच उभा आहे. दिवसा असा माल कोणी घेतला नसता.

खोटं सगळंच नव्हतं, हीही गंमत. रस्त्यात बसलेला रातवा पक्षी दिसला, दिव्यात लाल डोळे चमकवत अगदी चाकाशी येईपर्यंत न हलणारा. एक ससा दिसला. चितळांचा कळप दिसला, म्हणजे त्यांचे डोळे दिसले. आभाळाच्या कडेला पिवळट उजेड होता. “ते काय?” “गावचा उजेड.” तो चंद्रपूरच्या वीजकेंद्राकडचा होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं. चालक मोठी बॅटरी दोन्ही बाजूंना फिरवत होता. अंधारातून एकदम कोणीतरी शिवी हासडली. “वनखात्याचा वॉचर आहे,” चालक म्हणाला. तो तुरीच्या शेतात जागलीला बसलेला शेतकरी होता. वॉचर शिव्या का देईल, हा प्रश्न तेव्हा एकालाही पडला नाही.

मग त्यानं गाडी थांबवली. बॅटरी झुडपांवर धरली. दोन डोळे. मोठे, खाली, स्थिर. “आहे, आहे. बोलू नका.” सासऱ्यांनी माझा हात घट्ट धरला. मुलानं व्हिडिओ घेतला. अर्ध्या मिनिटात चालकानं गाडी काढली, “फार वेळ थांबायची परवानगी नाही.” पुढे एका मोकळ्या जागी त्यानं आम्हाला खाली उतरवलं, चांदणं बघायला. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात माणसं मरतात, दरवर्षी मरतात, आणि आम्ही दोन मुलं आणि एक म्हातारा माणूस घेऊन काळोखात उभे होतो. पैशांचं मी विसरेन, त्या पाच मिनिटांचा राग अजून जात नाही.

सकाळी गेटवर आमची ओळखपत्रं पाहिली गेली, नावं जुळवली गेली. आत कोअरमध्ये मोबाइल चालत नाही, त्यामुळे व्हिडिओ दाखवता येईना. गाइडला मी उत्साहानं रात्रीचं सांगितलं. त्यानं विचारलं, “कुठल्या गेटातून गेले होते जी?”

“गेट नव्हतं.”

तो आणि जिप्सीवाला एकमेकांकडे बघायला लागले. “मग तुम्ही डांबरीवरून फिरून आले, ताई.”

परत आल्यावर नाश्त्याच्या टेबलावर मुलानं व्हिडिओ मोठा केला, उजेड वाढवला. डोळ्यांच्या शेजारी कान होता. कानात पिवळा बिल्ला. गुरांच्या कानात सरकारी नोंदणीचा बारा आकडी बिल्ला टोचतात ना, तो. आमच्या वाघाला आधार क्रमांक होता.

त्या नंबरवर फोन केला. आश्चर्य म्हणजे उचलला. “बफरच होतं ना, ताई! कुठं खोटं बोललो?” यात खोच आहे, नीट बघा. ताडोब्याचा कोअर साधारण सव्वासहाशे चौरस किलोमीटर. त्याच्याभोवती अकराशेच्या आसपास बफर, आणि बफरमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, एसटी जाते ते रस्ते आहेत. आम्ही राहत होतो तेही बफरच. ‘बफरमध्ये नेतो’ म्हणणारा तुम्हाला किराणा दुकानापर्यंत नेऊनही शब्द पाळतो. त्यानंतर फोन बंद. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, तो आमचा माणूस नाही. वनखात्याच्या कार्यालयात तक्रार लिहून दिली, तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, गाडीचा नंबर? आमच्याकडे रातव्याचा फोटो होता, नंबर प्लेटचा नव्हता.

आता तर नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्तराखंडमधल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या प्रकरणात निकाल देताना व्याघ्र प्रकल्पांतलं रात्रीचं पर्यटन बंद करायला सांगितलं आहे. त्यामुळे काउंटरवरून, गाडीवाल्याकडून किंवा इन्स्टाग्रामवरून कोणी ‘नाइट सफारी’ देत असेल, तर किंमतही विचारू नका. दिवसाच्या सफारीलाही परमिटवर तुमचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर नसेल, तर पैसे देऊ नका. आणि दिलेच असतील तर निदान गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढून ठेवा.

सासरे त्या सकाळी खोलीवर झोपलेले होते. नाशिकला परतल्यापासून ते भेटेल त्याला सांगतात, थंडीत कुडकुडत सकाळी जायची काही गरज नाही, आम्ही रात्रीच वाघ पाहिला. तो व्हिडिओ आम्ही त्यांना मोठा करून दाखवलेला नाही.