घटपर्णीसाठी घेतलेली २० वॅटची ग्रो लाइट, जळगावचा अख्खा उन्हाळा काढल्यावरचा रिव्ह्यू

लाइट घेऊन वर्ष होत आलं म्हणून आता लिहितोय, आठ दिवसांत लिहिलेल्या रिव्ह्यूवर माझा स्वतःचाच भरवसा नसतो. ग्रो लाइट म्हणजे झाडाला उन्हाऐवजी उजेड देणारा दिवा; माझी दोन फुटी एलईडी पट्टी, २० वॅट, पांढरा उजेड. जांभळी घेऊ नका, त्या उजेडात पानाचा खरा रंगच कळत नाही आणि घरात बसवतही नाही.

घेतली ती घटपर्णीसाठी, म्हणजे पानाच्या टोकाच्या तारेला झाकणाचा घडा (पिचर) धरून त्यात किडे पकडणारं झाड. झाड आलं तेव्हा सोबतच्या कार्डावर छापलं होतं, घरात कुठेही ठेवा. टीव्हीजवळ ठेवलं, तीन आठवड्यांत होते ते पिचर वरून वाळत गेले आणि नवीन पानं आली ती लांब, पातळ, गर्द हिरवी, टोकाची तार नुसती लोंबायची आणि काळी पडायची. मग घाबरून पश्चिमेच्या गॅलरीत नेलं तर मार्चच्या उन्हाने दोन दिवसांत पानांवर तपकिरी डाग. असलं कार्ड छापणाऱ्यांचा मला खरंच राग आहे, झाड मरतं आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो.

लाइट झाडाच्या वर साधारण १० इंचांवर टांगली, सकाळी ६ ते संध्याकाळी ७. तेरा तासांना पाव युनिटच्या जरा वर, म्हणजे महिन्याला आठ युनिट. सहाव्या आठवड्यात तारेचं टोक वर वळलं, मटकीच्या दाण्याएवढं फुगलं, मग रोज थोडं थोडं वाढत बोटाएवढं झालं, झाकण घट्ट बंद. एके दिवशी सकाळी झाकण उघडलेलं, काठ लालसर आणि आत झाडाचंच स्वच्छ पाणी, मी एक थेंब ओतला नव्हता! आई अमळनेरची, वाकून बघत म्हणाली, "हाई झाड माशी खास?" (अहिराणीत, हे झाड माशी खातं का?)

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो, आपल्या खान्देशात नुसत्या उजेडाने भागत नाही. मे महिन्यात बाहेर ४४, हायग्रोमीटरवर आर्द्रता २० च्या आसपास, लाइट तीच, तास तेच, तरी पिचर धरणं बंद. कुंडी कुलरच्या खोलीत आणली (थेट झोतात नाही, बाजूला), आर्द्रता ५५-६० झाली आणि पुढच्या पानाला परत पिचर आला. एसीच्या खोलीत ठेवायचा विचार असेल तर एसी हवा कोरडी करतो हे लक्षात घ्या.

जात बघूनच घ्या. माझी व्हेंट्राटा आहे, फिलिपिन्समधल्या दोन जातींचा संकर, बराच सोसते. डोंगरावरच्या जातींना रात्री १२-१५ अंशांचा गारवा लागतो, आपल्याकडे मेमध्ये पहाटेही ३० च्या आसपास असतं, कुठून आणणार? उलट सखल भागातल्या जातींना उन्हाळा चालतो पण डिसेंबरच्या रात्री नाही. एलईडीने काही ऊब मिळत नाही, म्हणून थंडीत कुंडी खिडकीपासून आत ओढायची. आपल्या देशात रानात वाढते ती एकच जात, मेघालयातली खासियाना, ती दुर्मिळ आहे, रानातून उपटून आणलेली कुणी विकत असेल तर घेऊ नका.

पाणी आरओचं किंवा पावसाचंच, बोअरच्या पाण्याने मुळं खराब होतात. खत नाही, काळी माती तर अजिबात नाही.

आता लाइटचा दोष. वायरमधला टायमर वीज गेली की सगळं विसरतो, वीज परत आली तरी पट्टी बंदच. पावसाळ्यात आमच्याकडे रोजचंच झालं, मी गावाला गेलो होतो तेव्हा चार दिवस झाड अंधारात होतं. नंतर बॅटरीवाला वेगळा टायमर लावला. क्लिपही ढिली आहे, मी सुतळीने बांधलीय.

पाचपैकी चार स्टार. आत्ता झाडावर सात पिचर आहेत, आठवा अजून बंद आहे.